पताकांची गोधडी

यंदा स्वेटरवाले आल्याचं कळलं आणि मी दोन दिवसांनी गेले. नाशिकच्या स्टँडजवळच्या फुटपाथवर हे तिबेटी लोक दर हिवाळ्यात ताडपत्री बांधून बसतात. डोल्माचं दुकान नेहमी कडुलिंबाखाली. या वेळी तिथे तिची भाची छेरिंग एकटीच घड्या घालत होती. मी विचारलं, "डोल्मा मागून येतेय का?" तिने आधी स्टूल पुढे केलं, थर्मासमधला चहा ओतला आणि मग सांगितलं, "मौसी, आमा बारिश में गुजर गयी." डोल्माच्या छातीत पाणी झालं होतं, चार दिवसांत सगळं आटोपलं. समोर एक गिऱ्हाईक मफलरचा भाव विचारत उभं होतं. छेरिंगने त्याला भाव सांगितला, मफलर बांधून दिला... मी चहा धरून बसून राहिले.

डोल्मा माझ्या नात्याची नव्हती. सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. मला घोटीकडे दिलं होतं आणि मूल झालं नाही म्हणून चार वर्षांनी नवऱ्याने माहेरी आणून सोडलं होतं. धाकटा भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. दोन खोल्यांत ती पाच माणसं, सहावी मी. कुणी वाईट वागत नव्हतं, पण ताटं वाढताना वहिनीचा हात माझ्यापाशी येऊन जरासा थांबायचा. एका रविवारी विहारात भंतेजींनी सांगितलं, की हिमाचलच्या डोंगरात तिबेटी निर्वासितांच्या मुलांचं वसतिगृह आहे, तिथे स्वयंपाकाला आणि शिवणाला सेवा म्हणून बायका हव्यात. राहणं-जेवण मिळेल, पगार नाही. मी हात वर केला. चौथी शिकलेली, दुकानात मीठ मागायला लाजणारी मी... घरी वहिनी म्हणाली, "आक्का, तिथं हिंदीत बोलावं लागेल. तुम्ही मराठीत तरी कधी बोलता?" भाऊ म्हणाला, "घोटीच्या पावसात खोकत होतीस, बर्फात काय करशील?" एका घरातून मला परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा कुणी परत पाठवू नये, एवढंच मनात होतं.

आम्हीही बौद्ध आणि तेही बौद्ध, म्हणून मला वाटलं होतं सगळं ओळखीचं असेल. काहीच नव्हतं. चहा मिठाचा, लोणी घालून घुसळलेला. सकाळी नळ गोठलेला, त्याखाली कागद पेटवावे तेव्हा पाणी सुटायचं. जवाचं भाजलेलं पीठ मात्र आपल्या सातूच्या पिठासारखं, त्याचा वास आला तेव्हा मला तिथे पहिल्यांदा भूक लागली. डोल्मा स्वयंपाकघराची मुख्य. रुंद चेहऱ्याची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. पन्नासेक मुलं तिला आमा, म्हणजे आई, म्हणत. माझं नाव तिने कधी घेतलं नाही, मी तिच्यासाठी 'नाशिक'. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "नाशिक, तुम बोलता नहीं?" मी मान हलवली. "अच्छा है. इधर बाकी सब बोलता है." त्यांची वाफेवरची रोटी मला जमेना, म्हणून एकदा मी त्याच पिठाची भाकरी थापली. तिने हातात घेऊन वाकवून पाहिली आणि म्हणाली, "ये तो चप्पल है." मग दोन खाल्ल्या.

छेरिंग तेव्हा पाच वर्षांची, पोरकी, आत्यापाशी वाढत होती. तिची खाट खिडकीशी आणि पांघरायला एकच कांबळं. सकाळी उठवताना तिचे पाय हाताला बर्फासारखे लागत. स्वयंपाकघरामागच्या टेकाडावर दोऱ्यांना पाच रंगांच्या कापडी पताका बांधलेल्या होत्या. नव्या होत्या त्यांना मी हात लावला नाही, पण जुन्या कितीतरी विरून लोंबत होत्या, काही झुडपांत अडकल्या होत्या, अक्षरं पुसट झाली होती. आपल्याकडे एवढं कापड कुणी वाऱ्यावर सोडत नाही. जुनेराची गोधडी करायची, हे मी आईशेजारी बसून शिकलेले. मला वाटलं, या लोकांत शिवणारं कुणी नाही म्हणून वाया जातंय. मी त्या गोळा केल्या, गरम पाण्यात साबण लावून धुतल्या. अक्षरं आणखी निघून गेली, तेव्हा मला बरंच वाटलं. दहा-बारा दुपारी बसून धावदोरा घालून गोधडी केली. कुणाला विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं.

गोधडी घेऊन मी डोल्मापुढे उभी राहिले. तिने ती उलगडली आणि चेहऱ्यावर येऊ लागलेलं हसू तिथेच थांबलं. "ये कहाँ से लिया?" मी टेकाडाकडे बोट केलं. तिने गोधडीची घडी केली, सगळ्यात उंच फळीवर ठेवली, मग मला बसवून समजावलं. प्रत्येक पताकेवर प्रार्थना छापलेली असते. वाऱ्याने ती झिजते, तीच झीज सगळ्या जिवांपर्यंत जाते. जुनी झाली तर अग्नीला द्यायची, जमिनीला लागू द्यायची नाही... आणि मी ती साबणाने धुऊन एका मुलीच्या पायांवर घालायला निघाले होते. मला रडू आलं नाही. मी खोलीत जाऊन पत्र्याची पेटी भरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. वसतिगृह सांभाळणारे सर म्हणाले, "डोल्माने सगळं सांगितलंय. तुम्ही कामाला जा." एवढंच. बाहेर डोल्मा पायरीवर बसली होती, मांडीवर गोधडी. "पेटी खाली करो, कैंची लाओ." तीन दुपारी आम्ही दोघी टाके उसवत बसलो. ती वैतागून म्हणाली, "नाशिक, काम गलत, टाँका पक्का." चौथ्या सकाळी ते सगळे तुकडे तिने सुवासिक पाल्याबरोबर अग्नीला दिले. मग आपला लांब लोकरी झगा घेऊन आली. तिबेटातून डोंगर ओलांडताना अंगावर होता तो. उलटासुलटा करून मला दाखवला. "इस पर कुछ लिखा नहीं. फाड़ो." माझा हात होईना. शेवटी तिनेच शिवणीत कात्री घातली. त्याची गोधडी छेरिंगने कितीतरी वर्षं पांघरली.

मी तिथे सहा वर्षं राहिले. मग वहिनी आजारी पडली आणि भावाचं पत्र आलं, 'आक्का, तू ये, तुझ्यावाचून चालत नाही.' या वेळी परत पाठवलं नव्हतं, बोलावलं होतं. पुढे नाशिकरोडला खोली घेऊन मी गोधड्या शिवू लागले. डोल्मा हिवाळ्यात स्वेटर विकायला यायची, मी डबा घेऊन जायची आणि ती लांबूनच विचारायची, "चप्पल लाया?"

त्या दिवशी फुटपाथवर छेरिंगने आणखी एक सांगितलं. 'पताका मी उतरवल्या आणि नाशिकला शिवायला मीच दिल्या,' असं डोल्माने सरांना सांगितलं होतं. प्रार्थनेच्या खोलीत रोज दिवे लावायचं तिचं काम त्यासाठी महिनाभर काढून घेतलं. ते दिवे लावणारी दुसरी बाई मी तेव्हा पाहिली होती. मला वाटलं, पाळी बदलली असेल... इतके हिवाळे शेजारी बसून तिने तो विषय कधी काढला नाही. आणि मी विचारलं नव्हतंच.

आता बायका जुनेर घेऊन येतात, तेव्हा मी कात्री लगेच हातात घेत नाही. एकेक कापड उलटंसुलटं करते आणि विचारते, "यातलं काही ठेवायचंय का?" काहींना वाटतं, मला दिसायला कमी झालं. परवा एक सून सासूच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली. घाईत होती. मी विचारलं तशी खाली बसली, गाठोडं पुन्हा उघडलं, बराच वेळ चाचपलं. एक हिरवं लुगडं काढून तिने आपल्या पिशवीत ठेवलं आणि बाकीची माझ्याकडे सारली.

"आता फाडा," म्हणाली.