पठ्ठ्याने मेलेलं ठरवलेलं दुकान

“हॉर्न कसला वाजवताय प्रोफेसर! खाली उतरा! दारातून आत चला, चार माणसांसारखे!”

रविवारची भर दुपार. चंदिगडला लागून असलेल्या मुल्लानपूरच्या एका मिठाईच्या दुकानासमोर माझी गाडी उभी, आणि मागच्या सीटवरून माझे साडू असे ओरडत होते की शेजारच्या गव्हातले बगळे उठले ते थेट शिमल्यालाच उतरले असावेत. आकड्यांवर एवढा जीव टाकणारा माणूस सतलजच्या या तीरावर नाही आणि त्या तीरावरही नाही. असा एकच घडवला आणि ब्रह्मदेव रजेवर गेला.

साडू मूळचे साताऱ्याचे. नऊ वर्षांपूर्वी चंदिगडच्या आयटी पार्कात नोकरीला आले आणि मी इथेच विद्यापीठात भूगोल शिकवत असल्यामुळे माझ्या शेजारी राहायला आले. त्यांचं काम म्हणजे संगणकाला लाखो बिलं, हवामान, सणवार, रस्त्यावरची वर्दळ असं सगळं पोटभर खाऊ घालायचं. मग तो आपला आपण शिकतो आणि धंदेवाल्यांना सांगतो, कुठे दुकान काढा, कुठलं बंद करा. या प्रकाराला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. साडू त्याला ‘पठ्ठ्या’ म्हणतात. “आज पठ्ठ्या जरा आडमुठेपणा करतोय,” असं ते जेवताना इतक्या काळजीने सांगतात की नवख्या पाहुण्याला वाटावं, घरात दहावीचा मुलगा आहे.

घरीही तेच. एकदा गोड खरबूज ओळखायला पठ्ठ्याला शिकवायचं म्हणून साडूंनी भाजीमंडीत प्रत्येक खरबूज टिचकी मारून त्याचा आवाज मोबाइलवर घेतला. चाळिसाव्या खरबुजाला विक्रेता म्हणाला, “बाऊजी, खरबूजा लेना है या रिश्ता पक्का करना है?” पठ्ठ्याने निवडलेलं खरबूज घरी कापलं तर काकडीने लाजावं इतकं पांचट. “नमुना लहान पडला,” साडू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन निघाले. माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, रागाचाही त्यांनी तीन वर्षं एका वहीत हिशेब ठेवला होता. “येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तू चिडणार आहेस,” असं त्यांनी सोमवारी जाहीर केलं. ताई सोमवारीच चिडल्या त्या गुरुवारपर्यंत. साडू खूश! गुरुवार बरोबर आला होता ना!

बाहेरचं ते खात नाहीत आणि गाडी चालवत नाहीत. दोन्हींतली जोखीम त्यांनी मोजलेली आहे. त्या रविवारी मात्र आपण होऊन म्हणाले, “प्रोफेसर, ते दुकान एकदा डोळ्यांनी बघून येऊ.”

कारण सोमवारी त्या दुकानाची फाशी होती. एका मिठाईवाल्याची अकरा दुकानं. मालक कॅनडात बसून फोनवर धंदा हाकणारा. त्याने साडूंच्या कंपनीला विचारलं होतं, यातलं कुठलं बंद करू? पठ्ठ्याने पाच महिने रवंथ करून मुल्लानपूरवर बोट ठेवलं. दारावरच्या कॅमेऱ्यात माणूस दिसत नाही, गल्ल्यावरच्या यंत्रात बिल दिसत नाही; दोन साक्षीदार, एकच साक्ष. हा अहवाल मान्य झाला की पुण्याच्या कचेरीतली जागा साडूंची, असं साहेबांनी सांगून ठेवलेलं. साताऱ्यात साडूंच्या आई एकट्या. ताईंनी निम्मी खोकी बांधलीसुद्धा होती.

तर, मी हॉर्न वाजवला. चंदिगडात काही खायचं तर गाडीतून उतरायचं नसतं. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, खिडकीत ताट येतं. साऱ्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट डबा घेऊन बसने कचेरीत जाणाऱ्या साडूंना नऊ वर्षांत कोणी सांगितली नव्हती, आणि त्यांच्या हाताखालची मंडळी तर बेंगळुरूत.

“अहो, कॅमेरा दारावर आहे! माणूस दारातून गेला तरच मोजला जातो!” साडूंचं चालूच होतं. तेवढ्यात दुकानातून एक दणकट सरदारीण आली. दुकान सांभाळणाऱ्या, सगळे त्यांना बीजी म्हणतात. एका हातावर टिक्क्यांची चार ताटं, दुसऱ्या हातात बिलाचं छोटं यंत्र. आमच्या पुढे पाच गाड्या, मागे सात, कडेला दोन ट्रॅक्टर. दारातून आत मात्र चिटपाखरू नाही.

साडूंनी गाड्या मोजल्या. मग दार उघडून जे धावत सुटले! या गाडीच्या खिडकीत डोकं, त्या ट्रॅक्टरवर पाय, “आप कितने लोग? हफ्ते में कितनी बार?” एका आजोबांनी तर त्यांना जनगणनेचे समजून सुनांची नावं सांगितली. शेवटी बीजींच्या हातातलं यंत्र घेऊन त्यांनी उलटंसुलटं पाहिलं.

“ये मशीन कहां की है?”

“वड्डी दुकान तों आई सी जी. साड्डी, मतलब हमारी, खराब थी.”

म्हणजे मुल्लानपूरच्या गाड्यांतली सगळी विक्री शहरातल्या मोठ्या दुकानाच्या नावावर चढत होती! “प्रोफेसर!” रस्त्याच्या मधोमध साडूंनी मला मिठी मारली. “चूक सापडली! काय देखणी चूक आहे हो!” खरबूज गोड निघालं असतं तरी माणूस इतका नाचला नसता. नाचता नाचता एकदम थांबले. पुण्याची जागा आठवली असणार. 

सोमवारी बैठकीत, पडद्यावर कॅनडा आणि समोर साहेब असताना, साडूंनी स्वतःचाच अहवाल मागे घेतला. “पठ्ठ्या आंधळा नाही,” ते म्हणाले, “मीच त्याला दारात उभा करून ठेवला होता.” दुकान वाचलं. पुण्याची जागा बेंगळुरूच्या कुणाला तरी मिळाली. ताईंनी खोकी सोडली, प्रेशर कुकर जागेवर ठेवला, आणि एका शब्दाने चिडल्या नाहीत. साडूंनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बोलत राहिले.

पुढच्या रविवारी आपण होऊन म्हणाले, “जिलेबी खाऊ.” बाहेरची! बीजींनी खिडकीतून ताट दिलं. पुणं गेलं ते ज्यांच्या दुकानापायी, निदान त्यांना तरी कळावं असं वाटलं असेल, साडू हळूच म्हणाले, “बीजी, आपकी दुकान बंद होनेवाली थी. अब नहीं होगी.”

“अच्छा जी,” बीजी म्हणाल्या. “गड्डी जरा पिच्छे कर लो, ट्रॉली निकलनी है.”