सात जण, एक कुलर

लातूरच्या गोलाई चौकापासून थोडं आत लालमहंमद यांचं गादीघर आहे. पुढं कापूस पिंजायचं मशीन आणि गाद्यांच्या थप्प्या, मागं अंगण, अंगणाच्या कडेला राहतं घर. त्या घरात आठ मुलं झाली. शहजादी सातवी. जन्मली तेव्हा तिचा टाळू फाटलेला होता. एका मोफत शिबिरात ऑपरेशन झालं, पण फार उशिरा, आणि तोवर जिभेला जे वळण लागायचं ते लागून गेलं होतं. तिचं सगळं बोलणं नाकातून यायचं. क, ट, प ही अक्षरं तर वाटेतच हरवायची. घरात तिचं नाव पुंगी पडलं.

तसं त्या घरात कुणाचंच नाव शाबूत नव्हतं. थोरलीला कलेक्टरीण म्हणायचे, एका भावाला ढोल. कुलर एकच होता आणि उन्हाळ्यात त्याच्यापुढची जागा मारामारी करून ठरायची. शहजादीच्या वाट्याला दाराजवळची जागा यायची, जिथं कुलरचा नुसता आवाज पोचायचा. फोन वाजला की भावंडं मुद्दाम तिला उचलायला लावायची आणि पलीकडचा माणूस गोंधळून कोण, कोण करायला लागला की लोळून हसायची. तीही हसायची. आपण हसलो नाही तर हे जास्त वेळ चालतं, हे तिला लहानपणीच कळलं होतं. एकट्या अम्मीनं, खातूनबीनं, तिला कधी दोनदा बोलायला लावलं नाही. अम्मीला तिचं पहिल्यांदाच कळायचं.

आठवी इकरा. गोरी, गुबगुबीत, सगळ्यांची लाडकी. शहजादीला मनापासून ऐकणारी तीच, कारण तिला स्वतःलाच अजून धड बोलता येत नव्हतं.

लातूरला नळ आठवड्या-दहा दिवसांनी यायचा. तो आला की घराघरातले हौद काठोकाठ भरून ठेवायचे. त्या दुपारी पाणी येऊन गेलं होतं. हौदावर झाकण सरकवायचं काम अकरमचं. तो दहावीत होता. त्यानं टीव्हीवरची मॅच संपली की सरकवतो म्हणून सांगितलं आणि कुलरपुढं जाऊन बसला. अम्मी दोन घरं सोडून शेजारणीकडं शेवया करायला गेली होती. अब्बा गाद्या पोचवायला चाकूरला. शहजादी अंगणात भांडी घासत होती. मागं आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर पाण्यावर इकराचा फ्रॉक फुगून आला होता.

ती ओरडत आत पळाली. इकरा हौदात पडली, असं ती म्हणत होती. कुलरच्या घरघरीत भावंडांना ऐकू आलं, बकरा हौदात पडला.

"कुठला बकरा?" अकरमनं विचारलं. सगळे हसले. तिनं पुन्हा सांगितलं. ढोलनं तिची नक्कल केली. ती रडायला लागली तसं तिचं बोलणं आणखीच नाकात गेलं, आणि हसणं वाढलं. "नीट सांग की पुंगे, परत सांग," असं म्हणत त्यांनी तिला टीव्हीपुढून बाजूला केलं. शेवटी तिनं ढोलचा हात धरून त्याला फरफटत अंगणात नेलं.

इकराला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

अम्मी पळत येईपर्यंत अकरमनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की कुणी काही पाहिलं नाही. शहजादीला त्यानं वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. ती नऊ वर्षांची होती. पाहिलं नाही म्हणायला तिला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. त्यानंतर कितीतरी महिने ती बोललीच नाही. लोक म्हणाले, पोरगी भ्याली.

वर्षं गेली. थोरल्या बहिणींची लग्नं झाली, ढोल अब्बाच्या हाताखाली मशीनवर बसला. शहजादी गाद्यांच्या खोळी शिवायची. टाक्यांत तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, पण गिऱ्हाईक आलं की अब्बा तिला आत जायला सांगायचे. अकरम नांदेडला अॅनिमेशन शिकला, पुण्यात नोकरीला लागला, नोकरी गेली, परत आला. माडीवर बसून तो कॉम्प्युटरवर आपल्याच घराची कार्टून बनवायला लागला. चॅनेलचं नाव ठेवलं 'सात जण, एक कुलर'. अम्मीला कुणी विचारलं की ती तेव्हाही आठ मुलं सांगायची. चॅनेलचं नाव ऐकून ती एवढंच म्हणाली, सातच कसे? अकरम म्हणाला, चित्र काढायला सोपं पडतं.

पहिले भाग कुणी पाहिले नाहीत. मग त्यानं पुंगीला पुढं आणलं. मोठं नाक, दोन वेण्या, आणि आवाज शहजादीचा खरा. तो तिला गादीघरात थप्प्यांच्या मधोमध बसवायचा, तिथं बाहेरचा आवाज येत नसे, आणि मोबाईलवर तिची वाक्यं भरून घ्यायचा. तिलाही सुरुवातीला बरं वाटलं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला म्हणत होतं, बोल, अजून बोल. महिनाभरात लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं तिच्यासारखं बोलायला लागली. ती भाजी आणायला निघाली की मागून आवाज यायचे.

बकरी ईदच्या आधी अकरमनं तिला नवी वाक्यं दिली. पहिलं होतं, बकरा हौदात पडला.

 शहजादीनं विचारलं, "बकराच पडतो ना, भाई?"

"बकराच," अकरम म्हणाला. "शेवटी तोंडातून कारंजं उडवत बाहेर येतो. बारकी पोरं लई हसतील."

तिनं वाक्य म्हटलं. त्याला आवडलं नाही. जीव तोडून म्हण, म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि शेवटच्या वेळी तिचा आवाज त्या दुपारी नाकात गेला होता तसाच गेला. अकरमनं मोबाईल बंद केला आणि खूश होऊन तिची पाठ थोपटली.

तो भाग लाखो लोकांनी पाहिला. त्यात पुंगी रडत रडत बकरा पडल्याचं सांगते, भावंडं परत सांग म्हणतात, आणि ती दर वेळी सांगते, तिथं लोकांना हसू आवरत नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, असं रडणं कुणाला शिकवून येत नाही.

शहजादीचं लग्न तेव्हा बिलोलीच्या बिलालशी ठरलेलं होतं. त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. ईदला तो आणि त्याच्या घरचे जेवायला आले. बहिणी, मेहुणे, पोरं, सगळं घर भरलेलं. जेवणं झाल्यावर ढोलनं टीव्हीवर तो भाग लावला. अम्मीनं पूर्वी पाहिला नव्हता. ती पुढं बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि पुन्हा लाव म्हणाली. बिलालच्या भाच्यांनी शहजादीला घेरलं, आता तू स्वतः म्हणून दाखव म्हणून. बिलालही हसत म्हणाला, "म्हण की, घरचीच माणसं हायेत."

शहजादी उठून अम्मीपाशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, बकरा नव्हता. मी इकरा म्हणत होते. हे सगळे हसत बसले."

पाहुण्यांना काही कळलं नाही. एकानं तर तिनं तेच वाक्य म्हटलं असं समजून टाळीही वाजवली. अम्मीला पहिल्यांदाच कळलं.

टीव्ही चालूच होता. अम्मीनं अकरमकडं पाहिलं. तो मोबाईल पाहायला लागला. तिनं एकेका मुलाकडं पाहिलं. मग ती शहजादीकडं वळली.

"यांच्याकडं कशाला गेलीस?" ती म्हणाली. "दोन घरं सोडून मी होते. मला कळलं असतं."

एवढं बोलून ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

शहजादीनं पंधरा वर्षांत हा एक विचार कधी केला नव्हता. आता तो तिच्या डोक्यातून जाईना. हौदापासून आतली खोली जवळ होती, शेजारणीचं दार लांब होतं, भावंडांच्या अंगात जोर होता, असं ती स्वतःलाच समजावत राहिली. पण अम्मीनं पुन्हा विचारलंच नाही, म्हणून तिला ते सांगताही आलं नाही. अम्मी अकरमशी काही दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. तो जेवायला उशीर करायचा तेव्हा त्याच्यासाठी थांबू लागली. शहजादीला मात्र ती हात धुतलेस का, दार लावलंस का, एवढंच विचारायची.

भावंडांनी तर उघडच तिला दोष दिला. आईला या वयात हे सांगायची काय गरज होती, म्हणाले. अब्बा त्या दिवसापासून दुकानातच झोपू लागले. अकरमनं तो भाग काढला, लोकांनी मागणी केली तशी परत टाकला. शहजादीनं पुढं आवाज द्यायला नकार दिला, तर थोरलीची मुलगी तूबा आवाज द्यायला लागली. ती आठ वर्षांची. ती मावशीचा आवाज हुबेहूब काढते. लोकांचं मत असं की नवी पुंगी जास्त मजेदार आहे.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. अम्मीनं निरोप देताना तिला मिठी मारली नाही, डोक्यावर हात ठेवला. बिलोलीला बिलालनं दुकानाच्या फलकावर पुंगीचं चित्र रंगवून घेतलं. तो वाईट माणूस नाही. गिऱ्हाईक हसत येतं, एवढंच त्याचं म्हणणं. शहजादी आता मोटारींना तार गुंडाळते, आणि तिचं काम पक्कं असतं. लोक चित्राकडं पाहतात, तिच्याकडं पाहतात, आणि काहीतरी बोल म्हणून थांबून राहतात. ती बिल फाडून देते.

गेल्या रमजान ईदला ती लातूरला जाऊन आली. सगळे जमले होते. कुणी वाकडं बोललं नाही. ती आल्यावर ढोलनं टीव्ही बंद केला आणि पोरांना अंगणात खेळायला पाठवलं. अम्मीनं तिला शीरखुर्मा वाढला, पुन्हा हवा का म्हणून विचारलं. हौद बुजवून तिथं फरशी केली आहे, त्यावर आता स्कुटी लावतात. सगळे जेवले, आणि ताटांचा आवाज तेवढा येत राहिला.

बिलोलीला परतताना देगलूरच्या बससाठी अकरमनं तिला स्टँडवर सोडलं. बस लागायची होती. गाडीवरून न उतरताच तो म्हणाला, "एक सांगू? तू आलीस की घरात कुणी हसत न्हाई."

"माहीत हाय," शहजादी म्हणाली.

ती काय म्हणाली ते त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं मान हलवली, गाडी वळवली आणि गेला. ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.