पाणी सुटल्यावरची हाक

सकाळी टेकडी चढणं हे माझ्या रोजच्या कामांच्या यादीतलं पहिलं काम. वर रोहा गाव आणि कुंडलिका नदी दिसावी म्हणून बांधलेलं लाकडी मचाण आहे. तिथे एक म्हातारा रोज असतो. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो एकेक फळी टाचेने दाबून पाहतो आणि कठड्याला टेकतो. वरच्या वीजघराचं पाणी सुटून नदी फुगू लागली, की खालच्या घाटाकडे ओरडतो, "वर ये गो, पानी सुटलंय."

मग थांबतो. थोड्या वेळाने "आली" म्हणतो आणि बिडी पेटवतो.

"घाटावर तर कोणीच नाही," मी एकदा म्हणाले.

"तुमाला दिसायला ती काय तुमची हाय?" तो हसला.

गेल्या सोमवारी त्याचा घसा बसला होता. पाणी सुटलं, त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्याने माझं मनगट धरलं. 

"बाय, तुमी मारा हाक," तो कुजबुजला. "नायतर ती खालीच राहील."

मी हाक मारली. पाणी घाटाच्या पायऱ्या चढत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग कठड्यापाशी, आमच्या दोघांच्या मधे, जागा करून तो बाजूला सरकला. तिथली फळी करकरली.

"बरं झालं," तो म्हणाला. "तुमच्या आवाजाला पन येते."

घरी येऊन मी यादीत पाणी सुटायची वेळ लिहिली.