काटकसरीच्या वर्षातला जिताडा

"धक्क्यावरचा दिवा ठेवता आणि उघाडीवरचा माणूस काढता? दिवा काय भात पिकवतो?"

खारवाल्यांचा पुढारी बाकावर मूठ आपटून ओरडत होता. आवाज असा की कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट रेवसला जाऊन टेकली. आमच्या तालुका बोर्डात तेव्हा दोनच पंथ होते. आम्ही बंदरवाले, आम्हाला धक्का हवा, त्यावर दिवा हवा, गाड्यांना रस्ता हवा. समोरचे खारवाले, त्यांना खाडी अडवणारे बांध हवेत, कारण त्यांची भातशेती बांधाच्या आत, भरतीच्या पाण्याहून खाली. त्यात मंदीचं वर्ष. सरकारनं वरून अनुदान कापलं आणि खाली काय कापायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून कात्री आमच्या हाती दिली. दोन पक्षांत एक कात्री. जो तो दुसऱ्याच्या धोतराकडं बघत होता.

मी बंदरवाल्यांचा भोंगा. पक्षात अक्कल इतरांकडं होती, माझ्याकडं घसा होता. आमच्या म्होरक्यानं डोळ्यानं खूण केली आणि मी उठलो.

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटतं. "आपोआप मिटतं," मी म्हणालो, "मग त्याला पगारी माणूस कशाला? मी स्वतः पाहून आलोय. हा गृहस्थ बांधावर असा झोपतो की खेकड्यांनी त्याच्या मुंडाशात संसार मांडलाय. परवा त्यातल्या एका पोरीचं बारसं झालं. मलाही बोलावणं होतं."

सभा लोळली. खारवाल्यांतलेही दोघे हसले, आणि एकदा हसलेल्या माणसाला मग विरोधात हात वर करणं जड जातं. ठराव पास झाला. दिवा राहिला, माणूस गेला. त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझी मोठी बहीण त्या माणसाच्याच गावात दिलेली, तिचं शेत त्याच उघाडीच्या आत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पक्षात बसलं की खारेपाट, म्हणजे तो बांधाआतला मुलूख, फार लांब वाटायचा, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता असूनही.

पुढं दिव्याच्या अवसेला तिनंच मला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर मासळी बंद, तेव्हा अवसेला खाऊन घ्यायचं. आणि खारेपाटात पाहुण्याचा मान राखायचा तर पानात जिताडाच हवा. दुसरा मासा वाढला तर पाहुणा काही बोलत नाही, फक्त त्या घरात पुढं सात पिढ्या कुणी मुलगी देत नाही.

मी पोचलो तेव्हा दाजींनी मासा आणूनही ठेवला होता. डोकं ओटीवर आणि शेपूट परसात. बरं, एवढा नव्हता, पण दोन हातांत मावत नव्हता हे खरं.

"दाजी, हा घावला कुठं?"

"आपल्या उघाडीत. दाराखाली धोंडा सारला नि पाग टाकला. तुमचं नाव घेतलं नि आला बघा जाळ्यात."

सगळं गाव असंच करत आलं होतं. पाहुणा येणार असला की दाराखाली धोंडा सारून फट ठेवायची, पहिल्या पाण्याबरोबर मासा आत शिरला की धरायचा आणि घरी यायचं. धोंडा काढायला कुणी थांबत नसे. धोंडा उघाडीवरचा माणूस काढी, तोही गावाला मोठ्यानं शिव्या देत. त्या शिव्या ऐकू आल्या की दार मिटलं असं गाव समजे. आता माणूस नव्हता. सवय मात्र होती तशीच.

बहिणीनं माशाचं डोकं माझ्या पानात वाढलं, तो मानाचा तुकडा. मी चोखत चोखत खेकड्यांची गोष्ट सांगितली. यावेळी बारशाला घुगऱ्याही वाटल्या. दाजींना हसून ठसका लागला.

"म्हंजी ते तू बोललास व्हय?" बहीण म्हणाली.

"मग? सभा लोळली."

"आमच्याच आळीतला त्यो. ममईला गेला कामाला." तिनं मला आणखी भात वाढला.

अवसेची भरती भर दुपारी येते. मी बोटं चाटत होतो तेवढ्यात वाटेवरून कुणी ओरडत गेला, खारं आत आलं, खारं आत आलं. दाजी उष्ट्या हातानं उठले. ते कुठं बघत होते हे मला कळलं. ते पानातल्या काट्यांकडं बघत होते.

इथं मी एरवी तुम्हाला सांगितलं असतं की मी खाडी पाठीवर तोलून धरली. पण मी नुसता बांधावर उभा होतो. दाराखालून पाणी आत घुसत होतं आणि गावचे बाप्ये छातीभर पाण्यात दार लोटत होते. दार हलेना. दाजी सर्वांच्या पुढं बुडी मारत होते, धोंडा कुठं आहे ते त्यांना विचारावं लागत नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून उगाच इकडंतिकडं चाचपत होते. माझ्या हातांना जिताड्याचा वास येत होता. ओहोटी लागली तेव्हा आठवड्यापूर्वी लावलेलं भात शेंड्यापर्यंत खाऱ्या पाण्यात होतं, आणि खार धुऊन काढणारा पाऊस नेमका तेव्हाच दडी मारून बसला.

चार दिवसांनी मी गाडीभर रोपं घेऊन गेलो. बंदरपट्टीत ज्याच्या त्याच्या दारी जाऊन मागितली होती, आणि आयुष्यात प्रथमच बढाई न मारता. बहीण बांधाखाली उतरली, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवला आणि थुंकली. रोपं गाडीतून उतरवलीच नाहीत. आसपास सगळी शेतं पिवळी पडली होती, तिचं एकटीचं नव्हे. गावात कुणी दार कुजलं म्हणत होतं, कुणी बंदरवाल्यांनी मुद्दाम माणूस घालून उघडलं म्हणत होतं. दाजी घरातून बाहेर पडत नव्हते.

आता बहीण आणि दाजी दोघंही हयात नाहीत, म्हणून हे लिहितो. नावं तरीही सांगणार नाही.

"बाय," मी म्हणालो, "पुढच्या बैठकीत मी माझ्याच पक्षाविरुद्ध उभा राहतो. माणूस परत ठेवायला लावतो. त्या खेकड्यांचं सगळं खोटं होतं म्हणून सांगतो. धोंडा माझ्या जेवणासाठी घातला होता, तेही सांगतो."

तिनं हात पदराला पुसले.

"धोंड्याचं बोलू नको," ती म्हणाली. "ह्यांना या गावात ऱ्हायचंय."