पुणं किती पानांवर?

कुंभिवलीच्या सोनाबाई अंतर पानांत मोजत. वाटेनं तोंडातलं पान सरलं की नवं लावायचं. घरापासून खालापूर एक पान, चौक तीन पानं. मी शेजारच्या घरातला, त्यामुळे शाळेतल्या कोष्टकांआधी मला हे पाठ झालं. थोरल्या दोन्ही मुली त्यांनी तीन पानांच्या आतच दिल्या होत्या. पोरीला कणकण आली तर पाय उचलला की पोचता यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

धाकट्या पारूला मात्र वाल्मिक आवडला. मूळचा लोधिवलीचा, लढाईच्या काळात विमानदुरुस्ती शिकलेला, आता पुण्याच्या विमानतळावर नोकरीला. पुणं ऐकताच सोनाबाईंनी पानाच्या चंचीची गाठ मारली.

"मावशी, मुंबईवरनं इमानानं पुणं अर्ध्या तासावर हाय," वाल्मिक म्हणाला.

"तास नको सांगू. पानं सांग."

"एक. तेबी सरायचं नाय."

"सरलं तर?"

"तर पारूचं नाव घेणार नाय."

आत पारू ताटं आपटू लागली.

वाल्मिकनं विमान कंपनीकडून मुंबई-पुणे विमानात दोन रिकाम्या जागा मिळवल्या. अठ्ठेचाळीस सालचा मार्गशीर्ष होता. निघताना सोनाबाईंचे यजमान आबाजी ओसरीवरून म्हणाले, "पुणं या अंगाला नि ही चालली मुंबईला. आणि इमानात थुकशील कुठं गं?"

"तुमच्यासाठी परत आणीन."

मुंबईपर्यंतची पानं त्यांनी धरलीच नाहीत; ती वाट उलटी. विमान धावू लागलं तसं एक पान गालात सारलं. वाल्मिक मागच्या खुर्चीवर. मग विमान उठलं. जन्मभर मान वर करून पाहिलेलं माथेरान पायांखाली भाकरीसारखं चपटं दिसलं, नि त्यांचं तोंड उघडं पडलं ते पडलंच. शेजारच्या कोटवाल्या गृहस्थांचा हात धरला होता, तोही पुण्यात उतरेपर्यंत सोडायचा राहिला.

"मावशी, पान?" वाल्मिकनं भीत भीत विचारलं.

"घरी सांगीन," गालातल्या गालात त्या म्हणाल्या.

परतीला मोटार होती. घाटाआधीच ती तापून उभी राहिली, मग पुन्हा राहिली. खंडाळ्यातच चंची रिकामी झाली.

संध्याकाळी सडकेवर पारू, आबाजी नि निम्मं गाव उभं होतं. सोनाबाईंनी उतरताच चंची झटकली. चुन्याची डबी तेवढी पडली. पारूचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? पानं सरली ती येताना," सोनाबाई म्हणाल्या. "जाताना एकबी नाय. पान दातांखाली जायच्या आत पुणं आलं. तुला जायचंय का यायचंय?"

"जायचंय," पारू कशीबशी म्हणाली.

"मग जवळच हाय की."

फाल्गुनात लग्न लागलं. पारू मोटारीनं गेली, घाटभर ओकत गेली. पण पुणं लांब आहे असं तिनं आईला कधी सांगितलं नाही.