मोरसाच्या भाजीत मीठ

माझ्या वहिनीला आम्ही पहिल्याच महिन्यात नाव ठेवलं होतं, डोंगरातली. ती पालीकडची. लग्न होऊन आमच्या समुद्राकाठच्या खारेपाटात आली आणि चार दिवसांत तिने मोरसाच्या भाजीत मीठ घातलं. मोरस उगवतो खाजणात, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बांधाबाहेरच्या भरतीच्या चिखलात. बारीक, जाडसर पानं, मुळातच खारट. तो उकडायचा, पाणी पिळून टाकायचं, कांदा आणि जवळा घालून परतायचा. मीठ त्याच्या आसपासही न्यायचं नाही. वहिनीची ती भाजी तोंडात घालून मी इतकी हसले की ठसका लागला. पुढे वर्षभर मी जेवताना तिच्यापुढे मिठाची बरणी सरकवत असे. तेव्हा मी फार शहाणी होते.

ते खाजण आईचंच आहे असं आम्हाला वाटायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या पायाला लागायचं आणि ओसरलं की मागे ठेंगणं, राठ गवत उरायचं. उन्हं चढली की त्याच्या पात्यांवर मीठ फुटायचं. आम्ही पोरं ते चाटायचो. पावलांपुढून निवटे मासे टणाटण उड्या मारत चिखलात पळायचे. उन्हाळा लागला की मोरस लाल पडायचा, मग आई खुडणं थांबवायची. एरवीही तिची एकच ताकीद असायची, "कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा. मुळाला हात लावायचा न्हाय, बांध त्यानंच धरलाय." मला ते खरं वाटत नसे. मग एका वर्षी कुणीतरी कोळंबीच्या तळ्यासाठी तिथलं गवत, मोरस सगळं खरवडून काढलं, आणि पुढच्या मोठ्या उधाणाला नेमकी तिथेच बांधाला खांड पडली. समुद्र शेतात शिरला. त्यानंतर कितीतरी पावसाळे त्या शेतात भात झाला नाही.

मी नोकरीसाठी माणगावला आले ती इथलीच झाले. आईही आता माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. आजार गेला, पण जेवण परतलं नाही. दोन घास घ्यायची आणि ताट सारायची. मी पेज केली, शिरा केला, तिच्यावर चिडले, स्वयंपाकघरात जाऊन रडलेही. एक दिवस तीच म्हणाली, "बाय, मोरस हाय काय गो कुठं?"

त्याच रविवारी मी एसटीने गावी गेले. खाजणाच्या जागी पुरुषभर उंचीचा भराव होता आणि त्यावर कंटेनरची यार्डं, थप्प्याच थप्प्या. भाऊ त्यातल्याच एका यार्डात ट्रेलर चालवतो, त्यामुळे बोलायची सोय नाही. पण मला माझं खाजण हवं होतं. तो कुबट, खारा वास हवा होता. मी रस्त्यात उभी राहून लहान मुलीसारखी रडकुंडीला आले.

मागून आलेली वहिनी म्हणाली, "वन्सं, चला माझ्याबरोबर."

यार्डाच्या भिंतीमागे एका मोरीतून भरतीचं पाणी अजून आत येतं. तिथे वाळत घातलेल्या लुगड्याएवढी पट्टी उरली होती. तेच राठ गवत, आणि मधेमधे हिरवा मोरस. वहिनी सरावाने खाली बसली. मी ओरबाडायला लागले तशी तिने माझा हात धरला.

"शेंडाच घ्या. मुळाला हात नको. नाहीतर हेपण जाईल. तसंही पुढच्या महिन्यात इथं भराव येतोय म्हणतात."

मी तिच्यासारखं खुडत राहिले. जेमतेम ओंजळभर निघाला. तिने तो ओल्या फडक्यात बांधून दिला.

संध्याकाळी घरी येऊन मी भाजी केली. उकडली, पिळली, कांदा परतला, जवळा घातला. आईने भातात कालवून पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला.

"मीठ टाकलंस?"

"छे," मी म्हटलं. आणि लगेच आठवलं. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप बरणीकडे गेला होता.

आई हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "डोंगरातली झालीस गो तू."

तिने ताटातली भाजी वाटीत काढली, वर पाणी ओतलं, मुठीत घट्ट पिळली आणि सगळ्या भाताबरोबर संपवली. ताट पुसून जेवली. ती झोपायला गेल्यावर मी भांडी आवरायला घेतली. वाटीत ते हिरवट पाणी तसंच होतं. मी त्यात बोट बुडवून चाखलं. त्यातलं खाजणाचं मीठ कुठलं आणि माझं कुठलं, ते मला कळेना.