तांतीनचं शेजारी उभं राहणं

तांतीन रागावली की बोलायची नाही, मशीन बंद करायची. गुडलँड्सच्या आमच्या स्वेटरांच्या कारखान्यात साहेब कुणा मुलीला झापू लागले की तांतीनच्या मशीनचा खटका पडे आणि ती येऊन त्या मुलीशेजारी उभी राही. नुसती, हाताची घडी घालून. साहेबांचा आवाज आपोआप खाली यायचा.

तांतीन म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत मावशी. खरं मराठी नाव फक्त हजेरीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मराठी, भोजपुरी, क्रेओल असे आपापले घोळके करून बसायचो. ती मात्र लोणच्याची बरणी घेऊन रोज वेगळ्या घोळक्यात. "तुला साहेबाची भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते तर! पन एकटा मानूस उभा असला का लहान दिसतो गो बाय."

एवढं ऐकूनही मी वेळेला गप्प बसले. एका गठ्ठ्यातल्या बारा स्वेटरांना बाह्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. गठ्ठ्याची चिठ्ठी गळून पडलेली, म्हणून काम कुणाचं ते कळेना. साहेबांनी कुणालाही न विचारता जोजेटला उभं केलं. ती आमच्या रांगेतली एकटी क्रेओल, बाकी आम्ही सगळ्या मराठी नाहीतर भोजपुरी. दोष नेहमी तिच्याच माथी यायचा आणि आम्हांला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. तिची तीन मुलं त्या नोकरीवर जगत होती. बाह्या मी जोडल्या होत्या.

खटका पडला. तांतीन जोजेटशेजारी येऊन उभी राहिली.

"जागेवर जा. तुला सुपरवायझर करायचंय, विसरलीस?"

"मो प्लास इसी, मिस्ये," ती म्हणाली. माझी जागा इथंच, साहेब.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मशीन बंद केलं, जाऊन तिसरी उभी राहिले आणि सांगून टाकलं.

मला दोन आठवडे घरी बसवलं. जोजेट राहिली. सुपरवायझर दुसरीच कुणी झाली. त्याबद्दल तांतीननं कधी अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "दोऱ्याची गाठ बगून मी वळखला हुता, तुजा काम."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"मी घेतला असता, तर तू कवा उभी राहिली असती?"

काही वर्षांनी ती गेली. तिच्या अंगणात आमची सगळी मराठी माणसं दाटली होती. जोजेट काळ्या कपड्यांत फाटकाबाहेरच थांबलेली. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं, आणि कुणी ये म्हणत नव्हतं. मला तांतीनची इतकी आठवण आली की हुंदका आवरेना. मी अंगण ओलांडून बाहेर गेले आणि जोजेटच्या शेजारी उभी राहिले. मग दोघी आत गेलो.